प्रस्तावना : विद्यापीठाची जर्सी

नगर जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या विद्यापीठाचे दर्शन सामान्यतः तीन कागदांवरून घडते. पहिला कागद परीक्षेच्या हॉल तिकिटाचा, दुसरा गुणपत्रकाचा आणि तिसरा पदवीच्या प्रमाणपत्राचा. या तिन्हींवर विद्यापीठाची मुद्रा असते, अधिकाऱ्यांच्या सह्या असतात. आणि तरीही त्यांपैकी एकही कागद हातात घेताना ‘हे विद्यापीठ माझे आहे’ अशी ऊर्मी त्याच्या मनात सहसा उठत नाही. ज्या विद्यापीठाचे प्रांगण त्याने पाहिलेले नसते, ज्याच्या ग्रंथालयात तो कधी बसलेला नसतो आणि ज्याचे मुख्य दप्तर त्याच्या गावापासून शे-दीडशे किलोमीटरांवर, पुण्याच्या गणेशखिंडीत असते, ते त्याच्या लेखी अर्ज स्वीकारणारी, शुल्क घेणारी आणि निकाल लावणारी एक दूरस्थ कचेरीच राहते. परंतु प्रतिवर्षी काही थोड्या विद्यार्थ्यांच्या हाती एक चौथी वस्तू पडते. ती कापडाची असते. तिच्या छातीवर विद्यापीठाचे नाव असते आणि पाठीवर एक आकडा असतो. ती अंगात घालून अकोले तालुक्यातला मुलगा परराज्यातील मैदानावर उभा राहिला, की तेथील पंच आणि प्रतिस्पर्धी त्याला त्याच्या नावाने ओळखत नाहीत, गावाने ओळखत नाहीत, महाविद्यालयानेही नाही. चेंडू रेषेबाहेर गेला की पंच हात करून म्हणतो, ‘पुणे!’, आणि तो मुलगा, ज्याने पुणे शहर पुरते पाहिलेलेही नसते, पुढे होऊन चेंडू उचलतो.

त्या एका हाकेने विद्यापीठ कागदावरून उतरून देहात येते, असे माझे मत आहे, आणि पुढील पृष्ठांत नगर जिल्ह्यातील महाविद्यालयीन संघांची, विशेषतः फुटबॉलच्या संघांची, जी हकीकत एकत्र केली आहे तिचे प्रयोजनही तेच आहे. खेळाडूंची चरित्रे आपल्याकडे लिहिली जातात, विक्रमांचे तक्ते छापले जातात. पण संघ ही जी संस्था, जिच्यात माणसे तीन वर्षांनी बदलतात आणि नाव मात्र तेच राहते, तिच्याकडे शिक्षणाच्या इतिहासाचे अंग म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. ज्या देशांत ती लागली आहे तेथे काय घडले, हे प्रारंभी थोडे पाहून घेणे उपयुक्त ठरेल, आणि त्यासाठी मी कॅनडाचे उदाहरण घेतो.

कॅनडात विद्यापीठाच्या अधिकृत संघाला ‘व्हार्सिटी’ संघ म्हणतात. हा शब्द ‘युनिव्हर्सिटी’ याच शब्दाचे बोलण्यात झिजलेले रूप आहे. म्हणजे तेथे ‘विद्यापीठ’ आणि ‘विद्यापीठाचा संघ’ या दोन कल्पना भाषेतच एकमेकींना चिकटलेल्या आहेत. ज्याला ते लोक फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे: चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन धावायचे, प्रत्येक बाजूस बारा खेळाडू, मैदान एकशे दहा यार्ड लांब, आणि दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनच प्रयत्न. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला ते सॉकर म्हणतात, आणि त्याचेही विद्यापीठीय संघ तेथे आहेतच. या लंबगोल चेंडूच्या खेळाचा कॅनडातील पहिला नोंदलेला सामना ९ नोव्हेंबर १८६१ रोजी टोरांटो विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मैदानावर झाला, असे तेथील इतिहासकार सांगतात. पुढे मे १८७४ मध्ये माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठाचा संघ अमेरिकेत हार्वर्डला खेळावयास गेला तेव्हा दोन्ही विद्यापीठांचे नियम निराळे होते. म्हणून एक सामना हार्वर्डच्या नियमांनी आणि दुसरा मॅकगिलच्या नियमांनी खेळावा अशी तडजोड झाली. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांना पाहुण्यांचा खेळच अधिक आवडला, आणि त्या आवडीतून अमेरिकी फुटबॉलची आजची घडण पुढे झाली. एका विद्यापीठाच्या संघाने केलेल्या एका प्रवासाने एका खंडाच्या खेळाला वळण लावले, ही गोष्ट संघ या संस्थेचे सामर्थ्य दाखवावयास पुरेशी आहे.

आज कॅनडात पंचविसांहून अधिक विद्यापीठे हा खेळ खेळतात. विभागवार साखळी सामने होतात, त्यांतून विभागीय विजेते ठरतात आणि अखेरीस व्हॅनिए चषकासाठी अंतिम सामना होतो. गव्हर्नर जनरल जॉर्ज व्हॅनिए यांच्या नावाचा हा चषक १९६५ पासून दिला जातो. क्वेबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठाच्या संघाला त्याच्या रंगांवरूनच ‘लाल आणि सोनेरी’ असे नाव पडले आहे, टोरांटोच्या संघांना ‘ब्लूज’ म्हणतात. शरद ऋतूतल्या शनिवारी आजी विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, तीस वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेले गृहस्थ आणि त्यांची नातवंडे एकाच रंगाचे गळपट्टे घालून एकाच बाकावर बसतात. तेथे विद्यापीठ आधी असते, त्याला स्वतःचे आवार असते, त्या आवारात मैदान असते आणि त्या मैदानावर संघ असतो.

आपल्याकडे हा क्रम उलटा आहे, आणि त्याचे कारण आपल्या विद्यापीठांच्या जन्मकुंडलीत आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करावे आणि परीक्षा घेऊन पदव्या देण्याचे काम विद्यापीठाने करावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि नगर जिल्हा त्याच्या क्षेत्रात आला. परंतु संलग्नतेची मूळ चौकट बदलली नाही. काळाच्या ओघात कोल्हापूरकडील भाग १९६२ साली शिवाजी विद्यापीठाकडे गेला, खानदेश त्यानंतर स्वतंत्र झाला, आणि पुण्याच्या कक्षेत मुख्यतः पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. अशा विद्यापीठाचा संघ एका आवारातून उभा राहू शकत नाही. तो तीन जिल्ह्यांतल्या शेकडो महाविद्यालयांतून वेचून आणावा लागतो.

या वेचणीची जी शिडी आहे, तिच्या पायऱ्या महाविद्यालयीन खेळाडूला तोंडपाठ असतात. जुलैत प्रवेश झाले की जिमखान्याच्या सूचनाफलकावर निवड चाचणीची नोटीस लागते. त्यातून महाविद्यालयाचा संघ ठरतो, पात्रतेचे अर्ज भरले जातात, प्राचार्यांचा शिक्का पडतो. मग विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. पुणे शहर, पुणे जिल्हा, नाशिक आणि नगर असे विद्यापीठाचे विभाग असून, नगर विभागाची स्पर्धा कधी शहरात, कधी संगमनेरला, कधी श्रीरामपूर वा कोपरगावच्या यजमान महाविद्यालयात भरते. तेथील निवड समितीच्या नजरेत जे भरतात त्यांचा विभागाचा संघ होतो आणि तो आंतरविभागीय स्पर्धेत अन्य विभागांशी खेळतो. त्या स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्याचे सराव शिबिर लागते, आणि मग तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठीय स्पर्धेस जातो, जेथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोव्याकडील विद्यापीठे एकत्र येतात. या अखिल भारतीय व्यवस्थेचे सूत्र १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या आणि आज भारतीय विद्यापीठ संघ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या हाती आहे. फुटबॉलच्या आंतरविद्यापीठीय विजेतेपदाला सर आशुतोष मुखर्जी यांचे नाव आहे, क्रिकेटच्या विजेतेपदाला रोहिंटन बारिया यांचे. आणि वर्षभरातील एकूण कामगिरीत अग्रेसर ठरणाऱ्या विद्यापीठाला मौलाना आझाद यांच्या नावाचा चषक मिळतो.

शिडीची प्रत्येक पायरी चढताना खेळाडूच्या अंगावरचे नाव बदलते. काल ज्याच्या पायातून चेंडू काढून घेण्यासाठी तो जिवाचे रान करीत होता, तोच प्रतिस्पर्धी आज त्याच्याच बाजूने खेळतो. संगमनेरचा बचावपटू आणि नगरचा आघाडीचा खेळाडू विभागाच्या संघात एकत्र येतात. नाशिकचा गोलरक्षक आणि त्याच्यावर गोल करणारा विद्यापीठाच्या शिबिरात एका खोलीत झोपतात. निष्ठेचे वर्तुळ असे विस्तारत जाण्याचा हा अनुभव कॅनडातल्या विद्यार्थ्याला मिळत नाही, कारण त्याचे वर्तुळ पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. कोल्हापुरातही तो मिळत नाही. तेथे पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींच्या नावाने संघ उभे आहेत, शाहू स्टेडियम भरून वाहते, पण तेथील निष्ठा पेठेची आहे आणि ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मुरलेली आहे. संलग्न विद्यापीठाचा संघ निष्ठा सोडावयास लावीत नाही, ती रुंद करावयास लावतो. या व्यवस्थेचे अनेक दोष मला ठाऊक आहेत आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण हा गुण आधी मान्य केला पाहिजे.

आता नगरकडे वळू. शासकीय दप्तरात आज हा जिल्हा अहिल्यानगर आहे, आणि ते नाव याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्यादेवींचे आहे. जुन्या नियतकालिकांत आणि ढालींवर ‘अहमदनगर’ कोरलेले आहे. आणि खेळाडू बोलताना नुसते ‘नगर’ म्हणतात. मी या तिन्हींचा मान राखून बोलीतलेच नाव घेतो. या शहराच्या खेळाच्या इतिहासाला दोन जुने झरे आहेत. १८०३ साली वेलस्लीने भुईकोट किल्ला घेतल्यापासून येथे लष्कराची छावणी आहे, आणि छावणी आली की तिच्यामागोमाग परेडचे मैदान येते व परेडच्या मैदानावर संध्याकाळी चेंडू येतो. हिंदुस्थानात फुटबॉल लष्कराच्या पलटणींबरोबर आला. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ ची आणि मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ ची, आणि दोन्हींच्या आरंभीच्या विजेत्यांत गोऱ्या पलटणीच आहेत. स्वातंत्र्यानंतर नगरची छावणी रणगाड्यांच्या दलाचे शिक्षणकेंद्र म्हणून प्रसिद्धीस आली, आणि गावातल्या मुलांना जवानांचा खेळ कुंपणाबाहेरून पाहावयास मिळत राहिला.

दुसरा झरा मिशनचा. अमेरिकन मराठी मिशनने नगरला आपले केंद्र १८३१ साली उघडले, आणि मिशनच्या शिक्षणदृष्टीत मैदानाला वर्गाइतकेच स्थान होते. या ठिकाणी कॅनडाशी एक धागा जुळतो तो नोंदवून ठेवावासा वाटतो. बास्केटबॉल हा खेळ ज्याने १८९१ साली निर्माण केला तो जेम्स नेस्मिथ कॅनडात जन्मलेला आणि मॅकगिल विद्यापीठाचा पदवीधर होता. तो त्या वेळी ख्रिस्ती तरुणांच्या ज्या संघटनेच्या शिक्षणसंस्थेत शिकवीत होता, त्याच संघटनेने पुढे १९२० साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले आणि या देशाला शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षित शिक्षक पुरवले. महाविद्यालयांच्या आवारात आज जे बास्केटबॉलचे फलक उभे दिसतात त्यांच्यामागे असा एक लांबचा प्रवास आहे.

हे दोन्ही झरे ज्या ठिकाणी एकत्र आले ते ठिकाण म्हणजे स्टेशन रस्त्यावरील अहमदनगर महाविद्यालय. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली ते स्थापन केले. स्वातंत्र्याच्या वर्षी, ज्या जिल्ह्यातील तरुणाला उच्च शिक्षणासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागे त्या जिल्ह्याच्या ठिकाणी कला आणि विज्ञानाचे महाविद्यालय काढणे ही साहसाची गोष्ट होती. आणि ‘सेवा करून घेण्यासाठी नव्हे, तर सेवा करण्यासाठी’ या अर्थाचे जे ब्रीद त्या संस्थेने स्वीकारले ते सांघिक खेळाचेही ब्रीद होऊ शकते. गोल करणाऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते, पण त्याच्या पायाशी चेंडू आणून ठेवणाऱ्याने जे केले ती सेवाच असते. छावणीतील जवानांची मुले, मिशनच्या वसाहतीतली मुले, कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांची मुले आणि वसतिगृहात राहणारी तालुक्यांची मुले एकाच मैदानावर येण्याची सोय त्या आवारात झाली, हे या पुस्तकाच्या दृष्टीने त्या स्थापनेचे सर्वांत मोठे फलित आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांत महाविद्यालये तालुक्यांत पोचली. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, उसाच्या पैशाबरोबर शिक्षणाची भूक वाढली. संगमनेरचे महाविद्यालय १९६१ साली सुरू झाले, श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने महाविद्यालये काढली. शहरात जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजाचे न्यू आर्ट्स आणि हिंद सेवा मंडळाचे पेमराज सारडा महाविद्यालय उभे राहिले. पाथर्डी, शेवगाव, पारनेर, श्रीगोंदे, अकोले हे तालुकेही मागे राहिले नाहीत. १९६८ साली राहुरीस महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्यामुळे जिल्ह्याच्या भूमीवर स्वतःचे आवार असलेले एक विद्यापीठही आले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात, चौदा तालुक्यांत, प्रवरेच्या कालव्याखालची हिरवी उत्तर आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली दक्षिण यांना जोडणारे जे थोडे दुवे आहेत, त्यांत महाविद्यालयीन स्पर्धांचे वेळापत्रक हा एक आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

या तालुक्यांच्या संघांचे वैशिष्ट्य समजून घ्यावयाचे तर त्यांच्या सरावाची वेळ पाहावी. शहरातला खेळाडू संध्याकाळी पाच वाजता मैदानावर येतो; तालुक्यातला खेळाडू त्याच वेळी घड्याळाकडे पाहतो, कारण गावाकडची शेवटची एस.टी. चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागते. म्हणून त्याचा सराव पहाटेचा. पण पहाटेस दूध डेअरीला घालावयाचे असते आणि कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री आली तर उसात उभे राहून काढलेल्या रात्रीनंतरच त्याला बूट बांधावे लागतात. ‘कमवा आणि शिका’ योजनेत दुपारी महाविद्यालयाच्या बागेत काम करणारा आणि संध्याकाळी त्याच महाविद्यालयाच्या संघातून खेळणारा विद्यार्थी हे नगर जिल्ह्याचे खरे व्हार्सिटी चित्र आहे. माझ्या विद्यार्थिदशेतला एक गोलरक्षक मला आठवतो. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्याच्यावर येई. त्यामुळे नोव्हेंबरनंतर तो संघाला मिळत नसे. तरी ऑक्टोबरपर्यंतच्या त्याच्या झेपा आम्ही पुढे कित्येक वर्षे एकमेकांना सांगत आलो.

तथापि येथे एक प्रश्न वाचकाच्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. हा जिल्हा कुस्तीचा आणि कबड्डीचा. मग फुटबॉलला एवढे स्थान का? प्रथम हे मान्य करतो की महाविद्यालयीन पातळीवर जिल्ह्याची ताकद मुख्यतः कुस्ती, कबड्डी, खो-खो आणि मैदानी खेळांत आहे, आणि या खेळांना पुढील प्रकरणांत त्यांचा वाटा मिळालेला आहे. फुटबॉल मात्र बराच काळ शहरापुरता राहिला, याचे कारण मला आवडीनिवडीपेक्षा जमिनीत दिसते. कबड्डीचे क्रीडांगण तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. म्हणजे सव्वा गुंठ्याहून थोडे अधिक. खो-खोला सुमारे सव्वाचार गुंठे पुरतात. फुटबॉलचे पूर्ण मैदान एकशेपाच मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ सत्तर गुंठे, पावणेदोन एकर, आणि तेही सपाट, दगडगोटे वेचलेले, पाणी न साचणारे. जेथे पावणेदोन एकरांवर एका कुटुंबाचा संसार चालतो तेथे एवढी जमीन एका चेंडूसाठी मोकळी ठेवणे हा संस्थेच्या विश्वस्तांना जबाबदारीचा निर्णय वाटतो. ज्यांनी तो घेतला त्यांचे मोल या हिशेबावरून कळावे. आणि ज्यांना तो घेता आला नाही त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. मात्र ज्यांच्याकडे मैदान होते आणि ज्यांनी त्यावर हळूहळू इमारती, वाहनतळ आणि मंडपांचे खड्डे येऊ दिले, त्यांनी पुढच्या पिढ्यांच्या ठेवीतून उचल केली, हे मी स्पष्टपणे म्हणतो.

फुटबॉलचा आग्रह मी आणखी एका कारणासाठी धरतो. कुस्तीत मल्ल एकटा असतो, कबड्डीत चढाई एकट्याची असते. फुटबॉलमध्ये अकरा जणांनी नव्वद मिनिटे एकमेकांची जागा ओळखून खेळावे लागते, आणि नव्वदांपैकी फार थोडी मिनिटे चेंडू एकेका खेळाडूच्या पायाशी असतो. उरलेला सगळा वेळ दुसऱ्यासाठी धावण्यात जातो. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे ठाऊक असूनही जागा मोकळी करून देण्यासाठी पळणे, ही गोष्ट कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवली जात नाही आणि तिला गुणही नाहीत. पण ग्रामपंचायतीपासून सहकारी सोसायटीपर्यंत आपले सगळे सार्वजनिक जीवन याच गुणाच्या अभावी अडखळताना आपण पाहतो.

मुलींच्या संघांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि वाचकांनी ते सावकाश वाचावे अशी माझी विनंती आहे. ज्या सावित्रीबाईंचे नाव विद्यापीठाच्या जर्सीवर आहे त्यांनी अध्यापनाचे धडे नगरलाच, मिस फॅरार यांच्या संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या नावाची जर्सी घालून या जिल्ह्यातली मुलगी मैदानात उतरते तेव्हा एका जुन्या ऋणाची अंशतः फेड होते. तिची शिडी मात्र मुलांपेक्षा उंच आहे. मुक्कामाच्या स्पर्धेस जाण्यासाठी घरची संमती, सोबत बाई शिक्षिका, कपडे बदलावयास खोली, आणि परतीच्या प्रवासाची वेळ, या चार गोष्टींची तजवीज झाल्यावाचून तिचा खेळ सुरूच होत नाही. जेथे त्या झाल्या तेथे संघ उभे राहिले.

आता दोषांकडे. पहिला दोष स्पर्धेच्या पद्धतीचा. आपल्या विभागीय स्पर्धा बहुधा दोन-तीन दिवसांत, बाद पद्धतीने उरकल्या जातात. जुलैपासून घाम गाळलेला संघ सप्टेंबरातल्या एका सकाळी हरला की त्याचे वर्ष संपते. चुकीतून शिकण्यासाठी दुसरा सामना त्याला मिळत नाही. कॅनडातील विद्यापीठाचा फुटबॉल संघ अंतिम फेऱ्यांपूर्वीच साधारण आठ साखळी सामने खेळतो. आपल्या महाविद्यालयांना तितके शक्य नसेल. पण शेजारच्या चार महाविद्यालयांनी ऑगस्ट आणि सप्टेंबरात दर शनिवारी एकमेकांशी खेळावयाचे ठरवले, तर त्यासाठी एस.टी.च्या भाड्यापलीकडे फारसा खर्च नाही. दुसरा दोष माणसांचा. शारीरिक शिक्षण संचालकांची पदे अनेक ठिकाणी दीर्घकाळ रिक्त राहतात, आणि मग दोन-तीन विषयांचा भार वाहणारा एखादा प्राध्यापक शिट्टी हातात घेतो. अशा माणसांच्या निष्ठेवर आपल्या संघांची कित्येक वर्षे निभावली आहेत, पण निष्ठा हा पदभरतीचा पर्याय नव्हे. तिसरी गोष्ट दोष नसून सावधगिरीची आहे: नव्या शैक्षणिक धोरणाने खेळाला श्रेयांक देऊ केले आहेत, खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, आणि ही दोन्ही पावले योग्य आहेत, मात्र प्रमाणपत्रासाठी खेळ अशी वृत्ती बळावली तर जर्सीही चौथा कागद होऊन बसेल, आणि मग आपण जेथून निघालो तेथेच परत येऊ.

चौथा दोष सर्वांत मोठा, आणि हे पुस्तक त्याच्यावरचा उपाय म्हणूनच जन्मास आले आहे. तो म्हणजे नोंदीचा अभाव. टोरांटोच्या मैदानावरील १८६१ चा सामना आज आपण सांगू शकतो तो कोणी तरी त्या दिवशी लिहून ठेवला म्हणून. आपल्याकडे जिमखान्याच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत; किती चेंडू, किती जाळ्या, किती जोड बूट घेतले आणि कोणत्या साली ते निर्लेखित झाले, हे साठासंग्रहाच्या नोंदवहीत पैशापैशाने सापडते; पण तो चेंडू कोणाच्या पायातून जाळ्यात गेला हे सापडत नाही. मी एकदा एका महाविद्यालयात जुन्या संघांची छायाचित्रे पाहावयास मागितली. छायाचित्रे निघाली, रांगेत उभे असलेले, हाताची घडी घातलेले, केस नीट भांग पाडलेले तरुण चेहरे. पण खाली साल नव्हते आणि एकाही चेहऱ्याला नाव नव्हते. ज्यांनी हिशेब इतक्या चोखपणे ठेवला त्यांना माणसांची नावे लिहिण्याचे सुचले नाही, याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले, आणि ते वाईट वाटणे अजून सरलेले नाही.

म्हणून पुढील प्रकरणांची मांडणी हिशेबाच्या वहीपासून माणसाकडे जाणारी ठेवली आहे. प्रथम महाविद्यालयांच्या वार्षिक नियतकालिकांतले जिमखान्याचे अहवाल, मग मैदानांची हकीकत, त्यानंतर खेळवार प्रकरणे आणि अखेरीस खेळाडू व शिक्षक यांनी सांगितलेल्या आठवणी. जे तपासून पाहता आले तेवढेच घेतले आहे. जेथे दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तेथे दोन्ही दिल्या आहेत. हा इतिहास पूर्ण नाही, आणि वाचकांच्या साहाय्यावाचून तो पूर्ण होणारही नाही.

तेव्हा या जिल्ह्यातील ज्या कोणी कधी महाविद्यालयाच्या, विभागाच्या वा विद्यापीठाच्या संघातून एक सामना जरी खेळला असेल, त्या प्रत्येकाला माझी एक विनंती आहे. घरातली जुनी पेटी उघडावी. तिच्यात तळाशी संघाचे छायाचित्र असेल. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूस साल लिहावे, मैदानाचे नाव लिहावे, आणि डावीकडून उजवीकडे, जेवढी आठवतील तेवढी, सर्वांची नावे लिहावीत. जो राखीव म्हणून शेवटी उभा होता आणि ज्याला खेळावयास मिळाले नाही त्याचेही. मग त्याची एक प्रत आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नेऊन द्यावी आणि दाखलपुस्तकात तिची नोंद झाल्याचे पाहूनच परत यावे.